फरशीखालची ओल

प्रिय कंपाउंडर,

आता नात झाली, जावई आला, सगळे तुला आजोबा म्हणतात. पण माझ्या तोंडी काही ते बसत नाही. फुटक्या टाइलने कापलेल्या माझ्या अंगठ्याला ज्याने पहिली पट्टी बांधली, तो माझ्यासाठी कंपाउंडरच. आधी घरच्यांची विचारपूस करतो, नाहीतर तुझी ताई म्हणेल, पत्र लिहायला बसले आणि माणुसकी विसरले. तुझ्या बायकोचं, आमच्या धाकटीचं, ब्लडप्रेशर कसं आहे? मीठ कमी केलंय म्हणते; पण स्वयंपाक करताना चाखून बघण्यात जे पोटात जातं ते ती धरतच नाही, असं ताईचं निदान आहे. तुझ्या लेकीची बाळंतपणात धरलेली पाठ सुटली का? तिला सांग, मुलीला कडेवर घेणं आता पुरे. जावयाचा खोकला गेला की अजून पहाटे सगळ्या मजल्याला उठवतो? आणि चिमणीचे पुढचे दात आले का? गेल्या वेळी फोनवर ती मला अर्धा तास काहीतरी सांगत होती, मला नुसता वारा ऐकू येत होता. मी आपला हो हो म्हणत राहिलो. कशाला हो म्हणालो ते तेवढं विचारून ठेव, पुढे अंगाशी यायला नको.

राहिले तुझे गुडघे. ते मुद्दाम शेवटी ठेवले.

धाकटीने परवा फोनवर सांगितलं, तुझ्या ऑपरेशनची तारीख ठरली. पुढच्या महिन्याच्या सुरुवातीलाच, आणि दोन्ही गुडघे एकदम. मागून तुझा आवाज येत होता, भाऊजींना सांग, मी आता त्यांच्या आधी पळणार. मीही वा वा म्हटलं. तिसऱ्या मजल्यावर लिफ्टशिवाय अडकून पडलेल्या माणसाची हौस मला कळते. खालच्या चहावाल्याने दोरीला थर्मास बांधून तुझ्यासाठी वर पाठवायचा, हे काही जगणं नव्हे. पण फोन ठेवला मात्र, लगेच परत फोन लावावा असं वाटलं, मग विचार केला, तुमच्याकडे फोन कायम स्पीकरवर, घरभर ऐकू जाणार. आणि तू तर मरणाची गोष्टसुद्धा हसण्यावारी नेतोस. म्हणून लिहितोय. पत्राला मध्येच तोडता येत नाही. हे एकट्याने वाच. गॅलरीतल्या खुर्चीवर बस, दार लोटून घे आणि शेवटपर्यंत वाच. मग धाकटीला द्यायचं की नाही ते तू ठरव. माझं मत विचारशील तर दे.

माझ्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन का लांबतंय, हे तू कितीदा विचारलंस. मी कधी डॉक्टर सुट्टीवर आहेत म्हणालो, कधी ताईच्या डोळ्यांचं कारण काढलं, कधी थंडीचं. शेवटी तू म्हणालास, भाऊजी घाबरले. ताईने हसून घेतलं, मीही हसलो. घाबरलो होतो हे खरंच आहे. पण सुरीला नाही.

डाव्या गुडघ्याच्या वेळचं तुला आठवत असेलच. रजा काढून येऊन माझ्या खाटेशी बसला होतास. ऑपरेशन झालं तेव्हा सगळे म्हणाले, फत्ते. आणि मग पट्टी बदलली की थोड्या वेळात पुन्हा लाल. शेजारच्या खाटेवरचा, माझ्यानंतर आलेला माणूस काठी टेकत घरी गेला, त्याच्या जागी दुसरा आला, तोही गेला, आणि मी तिथेच. वॉर्डातल्या मावशी म्हणायच्या, बाबा, आता तुमच्या नावाची पाटीच लावू दारावर. लाल थांबलं तर पिवळं सुरू झालं. पुन्हा टेबलावर घेतलं, उघडून धुतलं, पुन्हा शिवलं, बाहेरचं रक्त चढवलं. नर्स पट्टी सोडायची तेव्हा तू तिच्या मागे मान तिरकी करून उभा असायचास. एकदा ती गेल्यावर हळूच म्हणालास, "भाऊजी, जखम वरून मिटतेय, आतून नाही." तुझा डोळा कधी चुकला नाही. पण आतून का मिटत नाही ते कुणालाच उमगेना. ताई म्हणाली, मी हट्टाने लवकर उठलो. मी म्हटलं, दवाखान्यातच घाण. सूनबाई म्हणाली, वय. तू टाक्यांना नावं ठेवलीस. रोग म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आपली गत. तो गुडघा अजून वाकतो तेवढाच वाकतो. जिना चढताना मी कसा दिसतो ते तू पाहिलंसच. ताई म्हणते, दार बिजागरीवर फिरावं तसे चढता.

उजव्याच्या वेळी दवाखाना बदलला. इथल्या हाडांच्या डॉक्टरबाई वयाने आपल्या लेकीएवढ्या, पण घाई अजिबात नाही. गुडघा बोटांनी ठोकून बघतात, आपण टाइल ठोकून बघायचो तसा. मला तेवढ्यावरच विश्वास वाटला. त्यांनी उजव्याचं सोडून डाव्याचंच विचारायला सुरुवात केली. रक्त किती दिवस झिरपलं, पू कधी धरला, किती वेळा उघडलं. सगळं ऐकून घेतलं आणि नेहमीच्या तपासण्यांबरोबर आणखी एका तपासणीसाठी रक्त काढायला सांगितलं. मी म्हटलं, काढा, डाव्याच्या वेळी बादलीभर गेलंय, आता वाटीभराने काय होतंय.

दोन दिवसांनी बोलावलं. बाईंनी खुर्ची टेबलाच्या बाजूने माझ्याजवळ ओढली. डॉक्टर जवळ सरकले की समजावं, काहीतरी आहे. म्हणाल्या, यकृताला जुना संसर्ग आहे. हेपॅटायटिस सी. गुडघ्याचं ऑपरेशन सध्या करता येणार नाही. तुला खरं सांगतो, मी भांडलो. म्हटलं, बाई, दुखतोय गुडघा, यकृत नाही. मला जन्मात कावीळ झाली नाही, जेवण व्यवस्थित आहे, दारूच्या थेंबाला कधी शिवलो नाही. त्या म्हणाल्या, हा असाच असतो. वर्षानुवर्षं गुपचूप बसतो, दुखत नाही, खुपत नाही, आतल्या आत यकृतावर चट्टे पाडत जातो. रक्त गोठायला जे लागतं त्यातलं बरंचसं यकृत तयार करतं. तेच थकलेलं असलं तर शिवलेली जागा झिरपत राहते, रक्त चढवावं लागतं, जखमेत पू धरायची भीती वाढते, पुन्हा उघडायची पाळी येते. दुखणं थांबवायच्या गोळ्यासुद्धा जपून द्याव्या लागतात, कारण त्याचा भारही त्याच्यावरच. मी विचारलं, म्हणजे डावा याच्यापायी बिघडला? तर म्हणाल्या, छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकणार नाही, संसर्ग असूनही कित्येकांचं नीट पार पडतं. पण धोका वाढतो हे नक्की. आणि आता यावर चांगल्या गोळ्या आहेत. तीन महिने घेतल्या की बहुतेकांचा संसर्ग निघून जातो. आधी तो काढू, मग गुडघा.

घरी येताना रिक्षात मला आपला मुकादम आठवला. आपण चौघं – मुकादम, मी, आपला ताडमाड शिडी आणि तू – गुडघ्यांवर चालत चालत किती घरांच्या जमिनी केल्या, त्यात एकच काम नासलं. तो मोठा हॉल. मालकाला घाई होती, जमिनीत ओल होती, मुकादम म्हणत होता थांबू, आणि आपण तिघांनी त्याला भरीला घातलं. फरशी अशी बसली होती की वर पाणी ओतलं असतं तर गोंधळून जागीच उभं राहिलं असतं. आणि मग एकेक टाइल पोकळ वाजायला लागली. सांधे काळे पडले, कडा उचलल्या. टाइल चांगली, सिमेंट चांगलं, हात चांगले, आणि सगळं उखडून फेकावं लागलं. त्या दिवसापासून त्याचा नियम झाला, आधी ओल काढायची, मग फरशी. डॉक्टरबाई इतका वेळ तेच सांगत होत्या, फक्त त्यांच्याकडे शब्द वेगळे होते.

आता घरातलं सांगतो, तेही तुझ्याच कानावर घालतो. मी घरात रोगाचं नाव सांगितलं. सून गुणी आहे, पण दुसऱ्या दिवशी माझा चहा निळ्या कपात आला. तिसऱ्या दिवशीही निळ्याच कपात, आणि तो कप सगळ्या कपांपासून लांब, खिडकीपाशी पालथा घातलेला. मी तसाच प्यायलो. तिच्या घरात लहान मूल आहे, तिच्या जागी मी असतो तर वेगळा कपच काय, वेगळी खोली मागितली असती. ताईने चार दिवस पाहिलं. पाचव्या दिवशी निळा कप उचलला, त्यात स्वतःचा चहा ओतला आणि सगळ्यांसमोर प्यायली. पुढच्या भेटीला मी सूनबाईलाच बरोबर नेलं. डॉक्टरबाईंनी तिला समजावलं की हा रक्तातून जातो. कपातून, ताटातून, मिठीतून जात नाही. दाढीचं पातं आणि दात घासायचा ब्रश तेवढा वेगळा ठेवायचा. परत येताना ती रिक्षात बाहेर बघत बसली होती. आता निळा कप कुणालाही येतो.

पण त्याआधी ताईची तपासणी व्हायची होती, आणि ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. रक्तातून जातो म्हणाले, तेव्हा मला इतक्या वर्षांचा संसार आठवायला लागला. माझ्या बोटातली काच तिनेच काढलेली, कापलेलं तिनेच बांधलेलं. रिपोर्ट घ्यायला गेलो तर खिडकीतला माणूस पाकिटं चाळतोय, चाळतोय, आणि ताईचं सापडेना. मी त्या काउंटरची कड अशी धरली होती की बोटं दुखली. सापडलं. तिच्या रक्तात काही नाही निघालं. मी बाकावर जाऊन बसलो. ताई मात्र निर्धास्त. म्हणाली, "इतक्या वर्षांत तुमचं काही माझ्या अंगाला लागलं नाही, अक्कलसुद्धा नाही. हे कुठून लागणार?" बाकावरचे चार अनोळखी लोक हसले. मीही हसलो, पण माझे डोळे पुसायला मला तिचाच पदर घ्यावा लागला.

गोळ्या चालू आहेत. रोज एक, तीही वाटाण्याएवढी. आता शेवटचं पाकीट सुरू केलंय. मधल्या तपासणीत रक्तात काही सापडलं नाही. गोळ्या संपल्यावर काही महिने थांबून पुन्हा एकदा बघायचं आणि मग उजवा. तोवर काठी आहे, ताईचे टोमणे आहेत, चाललंय.

इथपर्यंत वाचून तू म्हणशील, मग झालं की बरं, रडगाणं कशाला? थांब. अजून मुद्द्यावर आलो नाही. खरं सांगायचं तर येववत नाहीये.

मी आधी धरून चाललो होतो की डाव्याच्या वेळी जे रक्त चढवलं त्यातूनच हे आलं. मनातल्या मनात त्या जुन्या दवाखान्याला किती शिव्या घातल्या. पण डॉक्टरबाईंनी यकृताच्या तपासणीचा कागद समोर धरून सांगितलं की हे चट्टे चार-पाच वर्षांचे नाहीत. फार जुने आहेत, तुमच्या तरुणपणाचे म्हणा. म्हणजे डावा गुडघा उघडला तेव्हा हा आत होताच. मग त्यांनी विचारलं, तरुणपणी कधी रक्त चढवलं होतं? नाही. गोंदवून घेतलं होतं? नाही. एकच सुई दोघातिघांना टोचली, असं कधी झालं होतं का?

कंपाउंडर, त्या खोलीत मला एकदम आयोडिनचा वास आला.

शनिवारचं काम आटोपलं की थापी-ठोकळे धुऊन व्हायचे आणि आपण भिंतीला टेकून ओळीने पाय पसरून बसायचो. दिवसदिवस गुडघ्यांवर सरकून एकेकाच्या गुडघ्यावर लिंबाएवढं टेंगूळ आलेलं असायचं, आत पाणी भरलेलं, हात लावू देत नसे. तू आमच्यात यायच्या आधी दवाखान्यात झाडलोट करायचास, तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी दवाखाना बंद करताना तुला काचेची सिरिंज दिली होती. ती तू तान्ह्या मुलासारखी जपायचास. सकाळी चहाच्या किटलीत उकळून, स्वच्छ फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायचास. संध्याकाळी टेंगळातलं पाणी काढून घ्यायला ओळ लागायची ती मानाप्रमाणे. पहिला मुकादम. मग मी, तुझ्या बहिणीचा नवरा म्हणून. मग शिडी, उंचीला मान द्यावा लागतो म्हणायचास. आणि सगळ्यांचं झाल्यावर शेवटी तू स्वतः, ओठ दाबून, आपल्याच हाताने आपल्या गुडघ्यात. प्रत्येकानंतर सुई आयोडिनच्या बोळ्याने पुसायचास, एकदा नाही, दोनदा. काय हलका हात होता तुझा. पाणी निघालं की गुडघा असा मोकळा व्हायचा, वाटायचं नवीन पाय मिळाला. तू नसतास तर आम्ही तिघंही केव्हाच हे काम सोडून दुसऱ्याच्या दारात पहारा करत बसलो असतो. आमच्या घरच्या चुली तुझ्या त्या सिरिंजवर चालल्या, हे मी तेव्हाही म्हणायचो आणि आजही म्हणतो.

मी डॉक्टरबाईंना सुईचं सांगितलं. कुणाच्या हातात होती ते नाही सांगितलं. मला वाटलं, आता विचारतील, कोण होता तो शहाणा. त्यांनी ते विचारलंच नाही. म्हणाल्या, त्या काळी चांगल्या चांगल्या दवाखान्यांतही असंच चालायचं, दिवसाला एकदा उकळली की झालं. मग पेन खाली ठेवून त्यांनी एवढंच विचारलं, "बाकीचे आता कुठे आहेत?"

मुकादम कुठे आहे ते आपल्याला माहीत आहे. त्याच्या पोटात पाणी झालं, डोळे पिवळे झाले, शेवटी तर रक्ताची उलटी. ज्या माणसाने दारूच्या दुकानासमोरून जाताना पलीकडचा फुटपाथ धरला, त्याच्याबद्दल लोक म्हणाले, चोरून पीत असणार, त्याशिवाय यकृत जातं का? चोर सोडून संन्याशाला फाशी. शिडीसुद्धा म्हणाला. मी तोंडाने म्हणालो नाही, पण मनात आलं नाही असं नाही. एकटा तू भांडलास. अंत्ययात्रेत असंच बोलणाऱ्या एका कंत्राटदाराची कॉलर धरलीस आणि म्हणालास, "वास आला होता का कधी त्याच्या तोंडाला? मी त्याच्या ताटात जेवलोय." मुकादमाची बायको हे सगळं ऐकत होती. तिने तेव्हापासून आजपर्यंत कुणाला उत्तर दिलेलं नाही, आणि कुणाच्या दारातही गेलेली नाही. त्याच्या रक्ताची तपासणी कधी झाली नाही, तेव्हा शपथेवर कोण सांगणार. पण डॉक्टरबाई म्हणाल्या, न पिणाऱ्याचंही यकृत याने असंच जातं. तूच बरोबर होतास. मुकादमाच्या नावावरचा डाग पुसायची वेळ आली आहे, पण तिला काय सांगायचं आणि किती, हे मी एकटा ठरवणार नाही. ते तुझ्याशिवाय होणार नाही.

राहिला शिडी. तो मुलाकडे राहतो, चांगला धडधाकट, सकाळी फिरायला जातो. मी त्याला फोन करून सगळं सांगितलं आणि रक्त तपासून घे म्हटलं. आधी हसला, मग गेला. तो रिपोर्ट येईपर्यंत तुला काही कळवायचं नाही असं मी ठरवलं होतं. एकट्या माझ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं. तुझ्या जिवाला उगाच घोर कशाला लावू? काल संध्याकाळी त्याचा फोन आला. आधी माझ्या गोळ्यांचं विचारलं. मग म्हणाला, "माझंही तेच आहे. कंपाउंडरला कोण सांगणार?"

म्हणून हे पत्र. मला माहीत आहे तू आत्ता काय करतोयस. पत्र खाली ठेवलंयस आणि स्वतःच्या हातांकडे बघतोयस. नको बघूस तसा. मुकादम गेला तेव्हा तू अन्न सोडलं होतंस, ताईने समोर बसून एकेक घास भरवला. आता पुन्हा तसलं काही मांडून बसलास तर मी ही बिजागरीची तंगडी घेऊन तुझे तिन्ही मजले चढून येईन आणि आधी तुझे कान उपटीन. तुझ्या हाताला मी कधीही दोष दिलेला नाही, शिडीनेही नाही. मुकादम असता तर त्याने आजही पहिला गुडघा तुझ्याच पुढे केला असता. आम्हा तिघांपैकी कुणाच्या अंगात हे आधी होतं ते देव जाणे, पण सुई तीनही गुडघ्यांतून फिरून शेवटी तुझ्या गुडघ्यात जायची, दर शनिवारी. ते आठवलं आणि माझी झोप उडाली. तुझ्या सगळ्या तपासण्या झाल्या म्हणून धाकटी सांगते, पण साखर बघितली, हृदय बघितलं, म्हणजे हे बघितलं असं नाही. उद्याच तुझ्या डॉक्टरांकडे जा, हेपॅटायटिस सी असं नाव घेऊन विचार, सुईचं जसं घडलं तसं सांग, आणि नाही बघितलं म्हणाले तर तारखेच्या आधी रक्त दे. धाकटीचं आणि लेकीचंही तपासून घ्या. नाही निघालं तर मला मूर्ख म्हण आणि दोन्ही गुडघे करून पळत सुट, मी मागून काठी टेकत येईन. निघालं, तर तारीख पुढे ढकल. ऑपरेशन रद्द होत नाही, थोडं थांबतं. थर्मास आणखी काही महिने दोरीवरून वर येईल, इतकंच. माझा डावा गुडघा तू डोळ्यांनी पाहिलायस. तुझे दोन्ही तसे पाहण्याची ताकद माझ्यात नाही, आणि तुझ्या ताईला तर मी ते दाखवूच शकणार नाही. बरे झालो की तू आणि मी मिळून मुकादमाच्या घरी जाऊ, त्याच्या बायकोसमोर बसू, आणि तू तेव्हा जे ओरडून सांगितलंस ते या वेळी हळू आवाजात सांग. जन्मभर तू आमच्या ओळीत शेवटी बसलास. आता एकदा तरी पुढे ये. आणि काय ठरलं ते फोनवर नको, मला दोन ओळी लिही, तुझ्या त्या तिरक्या अक्षरात. नाहीतर तू हसत बोलशील आणि मला खरं-खोटं कळायचं नाही. पोस्टमन आला की मी जिन्यात जाऊन उभा राहणार, आणि तो जिना माझ्या पायांना झेपत नाही. तेव्हा लवकर लिही.

तुझाच,
भाऊजी